काठी रोवली की सूर्यघड्याळ होत नाही

सुट्टी लागली की पालकांच्या ग्रुपवर सूर्यघड्याळाचा एक फॉरवर्ड हमखास येतो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच. जयपूरचं सम्राट यंत्र, म्हणजे तिथल्या वेधशाळेतलं भलंमोठं सूर्यघड्याळ, आजही दोन सेकंदांच्या अचूकतेने वेळ सांगतं, हातातल्या घड्याळाशी ताडून बघा. सूर्यघड्याळ हा मुळात भारताचा शोध, बाकीच्यांनी तो उचलला. आणि मुलांना मोबाइलपासून सोडवायचं तर अंगणात एक काठी सरळ रोवा, तासातासाला सावलीवर खूण करा, बारा वाजता सावली नाहीशी होईल, झालं आयुष्यभराचं घड्याळ! हेतू चांगला आहे, पण माहिती जवळपास सगळीच चुकीची. शिवाय शेवटचा भाग थेट मुलांच्या हातात जाणार, म्हणून नुसतं हसून सोडून देता येत नाही.

आधी ते दोन सेकंद. हा आकडा हवेतून आलेला नाही. सवाई जयसिंगांची जयपूरची वेधशाळा १७३४ च्या सुमारास पुरी झाली. तिथल्या सम्राट यंत्राच्या चापांवर, म्हणजे सावली पडते त्या कमानदार पट्ट्यांवर, सगळ्यात बारीक खुणा खरोखरच दोन-दोन सेकंदांच्या आहेत. पण पट्टीवर मिलिमीटरच्या रेघा आहेत म्हणून हाताने फाडलेल्या कागदाची कड मिलिमीटरपर्यंत मोजता येते का? सूर्य म्हणजे बिंदू नव्हे. त्याचं बिंब आकाशात सुमारे अर्ध्या अंशाचं दिसतं आणि तेवढं सरकायला त्याला दोन मिनिटं लागतात. चापाची त्रिज्या साधारण १५ मीटर. सावली तिथे मिनिटाला साडेसहा सेंटिमीटर पळते, सरकताना चक्क डोळ्यांना दिसते. मात्र तिची कड तेरा-चौदा सेंटिमीटर रुंद आणि धूसर असते. ऊन कुठे संपलं यावर शेजारी उभ्या दोघांचं एकमत होत नाही. बारीक दोरा धरून त्याची सावली त्या धूसर पट्ट्यात कुठे विरते हे पाहिलं तर वाचन बरंच सुधारतं. श्रेय द्यायचंच तर त्या कसबाला द्या.

आता घड्याळाशी ताडणं. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, जयपूर पावणेशहात्तर अंशांच्या आसपास. अंशाला चार मिनिटं या हिशेबाने जयपूरचा सूर्य सरासरी २७ मिनिटं मागे. त्यात पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, म्हणून सूर्यवेळ वर्षभर घड्याळाच्या मागेपुढे होते: फेब्रुवारीच्या मध्यात चौदा मिनिटं मागे, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोळा मिनिटं पुढे. म्हणजे जयपूरचे 'बारा' फेब्रुवारीत आपल्या १२:४१ ला वाजतात आणि नोव्हेंबरात १२:१० च्या सुमारास. यंत्र चुकत नाही, ते जयपूरच्या सूर्याची वेळ सांगतं आणि तुमचं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या एका रेषेची. मुंबईकरांना तरी हे नवीन वाटू नये. १९०६ मध्ये प्रमाणवेळ आल्यावरही मुंबईने १९५५ पर्यंत स्वतःचा 'बॉम्बे टाइम' सोडला नव्हता. तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, म्हणजे जवळजवळ मुंबईच्या सूर्याबरोबर चालायचा.

शोध कोणाचा, हा मुद्दा लवकर निकालात निघतो. इजिप्तमध्ये 'व्हॅली ऑफ द किंग्ज'मध्ये २०१३ साली चुनखडीचा एक तुकडा सापडला. त्यावर अर्धवर्तुळ काढून बारा भाग पाडले आहेत. काळ इसवी सनापूर्वी तेरावं शतक. दिवसाचे बारा भाग ग्रीकांनी बाबिलोनियाकडून घेतले, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवलंय. आपल्याकडे शुल्बसूत्रांत, म्हणजे यज्ञवेदी आखायच्या भूमितीच्या जुन्या ग्रंथांत, शंकू म्हणजे सावली मोजायची उभी काठी आहे, सूर्यसिद्धान्त या खगोलग्रंथात बारा अंगुळांच्या शंकूवरून दिशा, स्थळ आणि काळ काढायचं गणित आहे. एवढं भक्कम असताना 'पहिला नंबर' कशाला हवा? खुद्द जयसिंगांनी समरकंदच्या उलुघ बेग या खगोलज्ञ सुलतानाची परंपरा अभ्यासली होती आणि स्वतःच्या ग्रहताऱ्यांच्या सारण्यांना दिल्लीच्या मुघल बादशहा मुहम्मद शाहचं नाव दिलं. त्यांना असल्या उसनवारीची लाज वाटली नाही.

खरी गोची काठीची आहे. सरळ उभ्या काठीच्या सावलीची दिशा नुसत्या वेळेवर ठरत नाही, ऋतूवरही ठरते. डिसेंबरात मुंबईत सावली पश्चिमेकडून उत्तरेवरून पूर्वेला जाते. २१ जूनला मध्यान्हीचा सूर्य मुंबईच्या उत्तरेला असतो, सावली दक्षिणेला पडते आणि मध्यान्हीच्या आगेमागे काही तास उलटी फिरते. त्याहून मजा म्हणजे सकाळी ती आधी एका बाजूला थोडी सरकून मग मागे वळते, त्यामुळे एकाच रेघेवर दोनदा येते! मे महिन्यात केलेल्या खुणा दिवाळीपर्यंत कामातून जातात.

बाराला सावली नाहीशी होते हेही वर्षातले दोनच दिवस, आणि बाराला नाहीच. मुंबईत एक दिवस १५ मेच्या सुमारास, साडेबारा उलटल्यावर. दुसरा जुलैच्या अखेरीस, पावसात. डिसेंबरच्या अखेरीस मीटरभर काठीची मध्यान्हीची सावली नव्वद सेंटिमीटर भरते. जयपूर तर कर्कवृत्ताच्या उत्तरेला, तिथे ती कधीच नाहीशी होत नाही.

सरळ काठीने दिशा मात्र झकास सापडते. काठीभोवती वर्तुळ काढा, सावलीचं टोक सकाळी आणि दुपारी वर्तुळाला जिथे शिवेल तिथे खुणा करा, त्या जोडा: पूर्व-पश्चिम रेषा मिळाली. ही कात्यायन शुल्बसूत्रातली रीत, चौथीतल्या मुलालाही जमते.

वेळ हवी असेल तर काठी ध्रुवाकडे कलवावी लागते, तीही जमिनीशी आपल्या गावाच्या अक्षांशाएवढा कोन करून. नेटवरचा, दुसऱ्याच गावासाठी केलेला साचा छापून भागत नाही. रोमन लोकांनी इसवी सनापूर्वी २६३ मध्ये सिसिलीतून जिंकून आणलेलं सूर्यघड्याळ रोममध्ये उभं केलं आणि त्याच्या रेषा जुळत नसतानाही ९९ वर्षं त्यावर दिवस काढले, असं रोमन लेखक प्लिनी सांगतो.

मुलांसाठी सगळ्यात सोपं म्हणजे पुठ्ठ्याची चकती. दोन्ही तोंडांवर पंधरा-पंधरा अंशांचे चोवीस भाग पाडा, मधोमध लोकर विणायची सुई काटकोनात आरपार घाला. सुई उत्तरेकडे रोखून जमिनीशी मुंबईत १९ अंश, नागपुरात २१ अंश कोन ठेवा, बाराची खूण तळाला. उत्तरेच्या तोंडावर आकडे घड्याळासारखे, दक्षिणेच्या तोंडावर उलटे. मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत सावली उत्तरेच्या तोंडावर पडते, नंतर दक्षिणेच्या. म्हणजे शाळा सुरू होऊन आभाळ मोकळं होईपर्यंत उलट्या आकड्यांचीच पाळी येते. आणि कार्यशाळा विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवशी, ठेवायचा मोह आवरा. त्या दिवशी सूर्य चकतीच्या बरोबर कडेवर असतो, सावली धड कुठल्याच तोंडावर पडत नाही.