‘कडक होणे’ सगळीकडे चालत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कडक होण्यासाठीच्या वेगवेगळ्या मराठी क्रियापदांवर मी लिहिलेल्या लेखावर तुमचे आक्षेप तीन आहेत. थिजणे, आळणे, निबर होणे, निर्ढावणे यांतला फरक ओढूनताणून काढलेला आहे, बोलण्यात ‘कडक होणे’ पुरतं. लोखंडाला ‘पाणी देणे’ म्हणजे धार लावणं, कडक करणं नव्हे. आणि ‘गोठलेलं पुन्हा वितळतं’ हे लेखातलं विधान चूक आहे. तिसरा आक्षेप बरोबर आहे, पहिले दोन मला मान्य नाहीत.

‘कडक होणे’ फक्त शेवट सांगतं. बाकीची क्रियापदं कडकपणा कशामुळे आला आणि तो परत जाईल का, हेही सांगतात. तूप थिजतं आणि ऊब लागली की पातळ होतं. म्हणूनच ‘तो जागीच थिजला’ म्हटलं की थोड्या वेळाने तो भानावर येणार, हे ऐकणारा धरून चालतो. भेंडीचं तसं नाही. शेंडा मोडून पाहा: कोवळी कट्कन तुटते, निबर नुसती वाकते. आतले तंतू जून झालेले असतात, मग कितीही शिजवा, तोंडात चोथाच येतो. माणसाला निबर म्हणताना हेच मनात असतं की आता हा मऊ व्हायचा नाही. आळणे तर या यादीत बसतच नाही. पाणी आटून दाट होणं म्हणजे कडक होणं नव्हे.

तुमचं ‘दुःखांनी निर्ढावलेली आई’ हे उदाहरण मात्र खटकलं. माणूस निर्ढावतो तो पुन्हापुन्हा खोटं बोलून, गुन्हे करून, बोलणी खाऊन. त्याची लाज गेलेली असते. त्या आईवर हा शब्द अन्याय करतो. ती मन घट्ट करते. तिथे करणारी ती स्वतः असते, आणि वेळ आली की तेच मन ती मोकळंही करू शकते.

आता ‘पाणी देणे’. धार कानशीने किंवा दगडावर लागते. ती टिकते पाण्यामुळे. छिन्नीचं टोक लालभडक तापवतात. साधारण ७७० अंश सेल्सिअसला पोलादाला लोहचुंबक चिकटेनासा होतो. त्याच्या थोडं वर, ८००च्या आसपास नेऊन टोक सरळ उभं पाण्यात बुडवतात आणि हलवत राहतात. हलवलं नाही तर वाफेचं वेष्टण बसतं आणि कडकपणा ठिकठिकाणी कमीजास्त येतो. कानस घसरायला लागली की पाणी बसलं. साध्या सौम्य लोखंडात कार्बन फार कमी असतो, त्याला कितीही बुडवा, ते फारसं कडक होत नाही. पण इथेच थांबलात तर पहिल्या घावाला टोक काचेसारखं उडेल. म्हणून टोक घासून चकचकीत करतात आणि पुन्हा हळूहळू ऊब देतात: २२५ अंशांच्या आसपास फिकट पिवळा रंग येतो, मग तपकिरी, २८०ला जांभळा, ३००ला निळा. घाव सोसणाऱ्या छिन्नीला जांभळ्यापर्यंत नेऊन थांबतात. सहाणेच्या चाकावर घाई केली आणि धार निळी पडली, तर ‘पाणी उतरलं’ म्हणतात. मग कितीही परजा, धार वळते. निळा भाग घासून काढावा लागतो किंवा पाणी नव्याने द्यावं लागतं. धार आणि पाणी एकच असते, तर हे वाक्य जन्मालाच आलं नसतं.

शब्द चुकला की कामही चुकतं, याचं उदाहरण सिमेंट. ‘वाळलं’ म्हणतात म्हणून लोक त्याला उन्हात सोडतात. सिमेंट वाळून कडक होत नाही, पाण्याशी रासायनिक संयोग होऊन होतं. पाणी लवकर उडालं तर तो संयोग अर्धवट राहतो, वरचा थर भुसभुशीत होतो, बारीक भेगा पडतात. म्हणून निदान ७ दिवस ते ओलं ठेवायचं. इथे ‘सेट होणे’ हा उसना शब्द ‘वाळणे’पेक्षा खरा आहे.

राहिलं ‘गोठणे’. बर्फ वितळतो, गोठवलेलं खातं पुन्हा खुलं होतं, पण जखमेवर गोठलेलं रक्त उबेने पातळ होत नाही, कारण त्यात प्रथिनाच्या तंतूंचं जाळं विणलेलं असतं. तिथे ‘साखळणे’ हा नेमका शब्द आपल्याकडे होता आणि मी तो वगळला होता. लेखातलं ते वाक्य बदललं आहे.