पंप पाहिजे

गिऱ्हाईक म्हणून माझी अपेक्षा फार नाही. भाव मोबाइलवरचा हवा आणि माणूस दुकानातला हवा. या दोन गोष्टी एकाच ठिकाणी मिळत नाहीत, हा काही माझा दोष नव्हे.

घरातला पाण्याचा पंप बंद पडला. बटण दाबलं की नुसता 'हुंऽऽऽ' करायचा, पाणी मात्र चढवायचा नाही. नवाच घ्यायचा, यावर घरात एकमत झालं. कुठून घ्यायचा, यावर फूट पडली. चिरंजीव मोबाइलच्या बाजूने, सौ. दुकानाच्या बाजूने आणि मी, खजिनदार असल्यामुळे, तटस्थ.

आधी मोबाइल. तिथे पंप पांढऱ्या शुभ्र पोकळीत तरंगत असतो. ना पाइप, ना गळती, ना खाली चिखल. खाली लिहिलेलं : कमाल हेड (म्हणजे पाणी चढवायची उंची) ३० मीटर, कमाल प्रवाह मिनिटाला ४० लिटर. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लगेच दहा मजले चढून धो धो कोसळणारं पाणी येतं. प्रत्यक्षात ३० मीटरवर पोचेपर्यंत पंपाचा दम संपलेला असतो. पाणी तिथवर चढतं आणि उभं राहतं, बाहेर थेंब पडत नाही. ४० लिटर हवे असतील, तर ते जवळजवळ जमिनीलगतच घ्यायचे. नोकरीच्या जाहिरातीत भरपूर पगार आणि भरपूर सुट्ट्या दोन्ही लिहिलेलं असतं, दोन्ही एकदम मिळतील असं कुठे म्हटलेलं असतं?

मग अभिप्राय. पाच तारे : 'पॅकिंग मस्त. अजून उघडलेलं नाही.' एक तारा : 'पंप उत्तम आहे, पण डिलिव्हरीवाला उद्धट.' चार तारे : 'वडिलांसाठी मागवला, त्यांना आवडेल असं वाटतं.' कुणीतरी विचारलेलं, 'बोअरला चालेल का?' त्यावर एका सज्जनाने सवड काढून उत्तर दिलेलं : 'माहीत नाही.' विचारणारा एवढ्यावर गप्प बसला होता, याचं मला विशेष वाटलं. बाकी कंपनीच्या मते तो पंप विहीर, बोअर, कारंजं, बाग आणि गाडी धुणे, सगळ्याला चालत होता.

परतीची सोय होती, पण वस्तू 'न वापरलेली' हवी. म्हणजे पंप चालतो की नाही ते बघायचं, पण पंपाला पाणी न लावता.

सौ.नी विजयी मुद्रेने दुकानाची दिशा दाखवली.

दुकानदार फोनवर बोलत होता. हातानेच 'बसा' म्हणाला. बसण्याजोगी एकच जागा होती, तिच्यावर पाइपाची वेटोळी बसली होती. मी चिरंजीवांनी निवडलेल्या कंपनीचं नाव सांगितलं. "तिचं आता पूर्वीसारखं राहिलं नाही," तो म्हणाला. याचा अर्थ ती त्याच्याकडे नव्हती. मग त्याने मलाच फैलावर घेतलं. पाणी किती खोलावर? टाकी किती उंच? पाइप इंची की पाऊण? एल्बो किती? मोबाइलने मला फक्त पिनकोड विचारला होता.

मी एक एचपीचा हट्ट धरला, तर म्हणाला, "कशाला? अर्ध्यात भागेल." कमी विकू पाहणारा विक्रेता दिसला की माझ्या मनात पाल चुकचुकते. "आणि पाणी सात-आठ मीटरच्या खाली गेलं ना साहेब, तर वर ठेवलेला पंप ते ओढायचा नाही, मग एचपी किती का असेना." तो खरं बोलत होता. पंप नुसती पोकळी करतो, पाण्याला वर ढकलते ती बाहेरची हवा. तिचा जोर फार तर दहा मीटरचा, आणि त्यातला काही पाइपातच खर्च होतो.

मग त्याने दोन सारखेच दिसणारे पंप पुढे ठेवले. "उचला. आता हा उचला." दुसऱ्याने हात खाली ओढला. "पहिल्यात ॲल्युमिनियमची वाइंडिंग, यात तांब्याची." तांबं ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं, हे शाळेत पाठ केलं होतं. मनगटाला त्या दिवशी समजलं.

इथवर मी भारावलो होतो. मग त्याने भाव सांगितला. बिल हवं असेल तर वेगळा. मी काउंटरच्या आड मोबाइल काढला. मान खाली, अंगठा वर-खाली, चेहऱ्यावर देवळातला भाव. ही मुद्रा सगळे दुकानदार ओळखतात.

"किती दाखवतोय?"

सांगितलं.

"घ्या मग तिथूनच. आम्हालाच त्या भावात पडत नाही." आणि जरा थांबून, "बसवायला तेच येणार असतील."

मी पंपाकडे पाहिलं, त्याने पंख्याकडे पाहिलं. असा थोडा वेळ गेल्यावर, बहुधा कंटाळूनच, त्याने विचारलं, "जुन्याला काय झालंय पण?"

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ना मोबाइलने, ना सौ.नी.

"हुं करतो."

"मागून स्क्रू ड्रायव्हरने फिरवून बघितला? फिरतो का?"

"मोकळा फिरतो."

"मग कपॅसिटर गेलाय. मोटरला सुरुवातीचा धक्का देतो ना, तो." त्याने ड्रॉवरमधून एक काळी, बोटाएवढी डबी काढली, तिच्यावरचा १० मायक्रोफॅरडचा आकडा मला दाखवला. "जुन्यावरचा आकडा हाच आहे ना बघा, नसेल तर बदलून न्या. आणि बटण बंद करून मग हात घाला."

म्हणजे एवढा सगळा पंपपुराणाचा अध्याय ऐकून मी त्याच्याकडून ती डबी घेणार होतो. किंमत तर अशी, की भाव करायलाही लाज वाटावी. मला खरंच गहिवरून आलं. मी पैसे काढायला खिशात हात घातला आणि सवयीने आधी मोबाइल हाती आला.

तिथे थोडा स्वस्त होता. पण पाचचा सेट घ्यावा लागत होता.

"किती दाखवतोय?" दुकानदाराने विचारलं.