पिकअपचा गिअरबॉक्स ‘गेला’ म्हणण्याआधी

मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिन्याभरात तिसऱ्यांदा तोच मेसेज आला: ‘३० वर्षं गॅरेजमध्ये काढलेल्या मेकॅनिकचा सल्ला, प्रत्येक पिकअपवाल्याने वाचावा.’ इथे टेक्सासात आपल्या मंडळींकडे पिकअप ट्रक बरेच झालेत. कुणी बोट ओढतं, कुणी गणपतीच्या मांडवाचं सामान. त्यामुळे मेसेज जोरात फिरतोय. त्यातले सात सल्ले मी खाली एकेक घेतो. मी मेकॅनिक नाही. पिंपरीला गिअर कापायच्या शॉपमध्ये सहा वर्षं होतो आणि इथे आल्यापासून स्वतःच्या ट्रकखाली स्वतःच लोळतो, एवढीच माझी पात्रता.

‘ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधून आवाज आला की तो संपला. वेळ न घालवता रिबिल्ड (पूर्ण उघडून नव्याने जुळणी) करा.’

कसला आवाज? आपल्या भाषेत घरघर आहे, खडखड आहे, टकटक, कुईकुई, गुणगुण आहे. आजी जात्याच्या आवाजावरून पीठ कसं पडतंय ते सांगायची, आणि हा मेसेज सगळ्यांना एकच शब्द वापरून मोकळा होतो.

माझा ट्रक २००४ सालचा, चार गिअरचा. दोन वर्षांपूर्वी तो तापला की सिग्नलला उभा असताना खालून टकटक यायची, पत्र्यावर पाना आपटावा तशी. एका दुकानात म्हणाले, गिअरबॉक्स उघडावा लागेल, साडेतीन हजार डॉलर. दुसऱ्या दुकानात म्हणाले, इंजिनचा कनेक्टिंग रॉड वाजतोय, इंजिनच बदला. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये फ्लेक्सप्लेट नावाची पातळ पोलादी तबकडी असते. ती क्रँकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला, बसवलेली असते आणि तिला टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा गोल डबा, बोल्टने जोडलेला असतो. खालचं छोटं झाकण काढून पाहिलं, तर कन्व्हर्टरच्या तीन बोल्टांपैकी दोन नुसत्या बोटांनी फिरत होते. नवे बोल्ट, टॉर्क रेंच आणि रविवारची एक दुपार. टकटक थांबली, ती आजतागायत. फ्लेक्सप्लेटला तडा गेला तरी अगदी असाच आवाज येतो आणि भलेभले त्याला रॉडचा आवाज समजतात.

‘पार्क किंवा न्यूट्रलमध्ये आवाज येत असेल तर गिअरबॉक्सचा संबंध नाही. दोष इंजिनचा.’

सातांपैकी हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो, कारण ऐकायला तो तर्कशुद्ध वाटतो. गाडी उभी आहे, गिअर पडलेला नाही, मग गिअरबॉक्समध्ये काय फिरणार? बरंच काही फिरतं. कन्व्हर्टरचं कवच इंजिनला जोडलेलं असल्यामुळे इंजिन चालू असेपर्यंत ते फिरतच राहतं. गिअरबॉक्सचा तेलाचा पंपही त्याच कवचाच्या मानेवर चालतो. म्हणजे पंप कुरकुरायला लागला तर पार्क, न्यूट्रल, ड्राइव्ह, रिव्हर्स, सगळीकडे कुरकुरणार आणि अ‍ॅक्सिलरेटरबरोबर त्याचा सूर चढणार. तेल कमी झालं किंवा फिल्टर तुंबला की पंप तेलाबरोबर हवा ओढतो आणि बारीक, शिट्टीसारखी गुणगुण येते.

तसाच सूर हायड्रॉलिक स्टिअरिंगचा पंपही काढतो, अल्टरनेटरही. म्हणून उभ्या गाडीत स्टिअरिंग थोडं फिरवून पाहा. सूर बदलला तर गुन्हेगार तिकडे आहे. तरी शंका राहिली तर थंड इंजिनचा पुढचा बेल्ट काढा आणि इंजिन मोजून काही सेकंद चालवा. तरीही गुणगुण आली, तर बेल्टवरची सगळी मंडळी निर्दोष सुटली.

आता पाय ब्रेकवर घट्ट ठेवा, हँडब्रेक लावा, समोर कुणी उभं नाही ना ते बघा आणि पार्कमधून ड्राइव्हमध्ये टाका. ड्राइव्हमध्ये, गाडी जागेवर असताना, कन्व्हर्टरच्या आतलं टर्बाइन, म्हणजे गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवणारं चाक, थांबलेलं असतं आणि बाहेरचं कवच इंजिनबरोबर फिरत असतं. दोघांमधल्या बेअरिंगवर फरक पडतो तो इथेच. न्यूट्रलमध्ये दोन्ही जवळजवळ एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे तिथे ती बेअरिंग गप्प असते. ड्राइव्हमध्ये घरघर आणि न्यूट्रलमध्ये शांतता, तर कन्व्हर्टरवर संशय घ्या. उलट झालं, म्हणजे न्यूट्रलमधली घरघर ड्राइव्हमध्ये टाकताच थांबली, तर गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या शाफ्टच्या आसपास शोधा, कारण उभ्या गाडीत ड्राइव्हला तो शाफ्ट थांबतो. हे सगळं दोन मिनिटांत होतं, पैसे न देता होतं, आणि मेसेजमध्ये त्यातलं एक अक्षर नाही.

‘वेगाबरोबर आवाज वाढला म्हणजे गिअरबॉक्सची बेअरिंग.’

वेगाबरोबर वाढणाऱ्या गोष्टींमध्ये गिअरबॉक्सचा नंबर बराच खाली लागतो. आधी टायर. आमच्या ह्यूस्टनचे फ्रीवे काँक्रीटचे, त्यावर आडव्या रेघा. नवा ट्रक घेतलेले एक काका त्या रेघांचा आवाज घेऊन दुकानात गेले होते. डांबरी रस्ता लागला की काकांचा ‘बिघाड’ बरा व्हायचा. मग चाकाची बेअरिंग. रिकाम्या रस्त्यावर डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो. तेव्हा गुरगुर वाढली तर उजवी बेअरिंग बघा. मग मागचा डिफरन्शिअल, म्हणजे मागच्या दोन चाकांमधला गिअरचा संच, जो अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर एक सूर धरतो आणि सोडल्यावर दुसरा. मग प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, जे हळू वेगात चिमणीसारखे चिवचिवतात आणि ड्राइव्हमधून रिव्हर्समध्ये टाकताना ‘टक्क’ करतात.

एवढ्यावरही गिअरबॉक्सवर संशय उरला, तर आवाज कोणत्या गिअरमध्ये येतो ते लक्षात ठेवा. जनरल मोटर्सच्या ट्रकांत वर्षानुवर्षं बसलेला ४एल६०-ई हा चार गिअरचा गिअरबॉक्स घ्या. त्याच्या गिअरांचं गुणोत्तर, म्हणजे मागचा शाफ्ट एकदा फिरायला आत येणारा शाफ्ट किती वेळा फिरतो ते, ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७०. तिसऱ्या गिअरला, म्हणजे १.०० ला, आतले सगळे प्लॅनेटरी गिअर (मधल्या गिअरभोवती ग्रहांसारखे फिरणारे गिअर) एकत्र बांधल्यासारखे एकाच वेगाने फिरतात. दात दातावरून सरकतच नाही, मग वाजणार काय? म्हणून पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्यात येणारी घरघर तिसऱ्यात नाहीशी होत असेल, तर दोष प्लॅनेटरी संचात असण्याची शक्यता मोठी. इथे मात्र मेसेजवाल्यांचं बरोबर ठरेल: गिअरबॉक्स खरंच उघडावा लागेल.

‘तेल थोडं जास्त भरलेलं बरं.’

नाही. पातळी वर गेली की फिरणारे गिअर तेल घुसळतात, फेस होतो, फेसात हवा असते आणि पंप पुन्हा तीच गुणगुण सुरू करतो. म्हणजे आवाज घालवायला म्हणून भरलेल्या तेलानेच आवाज येतो. तेल मोजायचीही रीत असते: गाडी तापलेली, इंजिन चालू, बहुतेक ट्रकांत पार्कमध्ये. जुन्या डॉज रॅम ट्रकांत मात्र न्यूट्रलमध्ये, कारण त्या गिअरबॉक्सचा कन्व्हर्टर पार्कमध्ये तेलाने भरत नाही. पार्कमध्ये मोजून घातलेलं तेल तिथे चुकतं. नव्या बऱ्याच ट्रकांना डिपस्टिकच नसते, त्यांची पातळी ठरावीक तापमानाला बूच काढून पाहतात.

‘जुनं तेल बदलू नका, बदललं की गिअरबॉक्स बसतो.’

हा समज कुठून आला ते कळतं. गिअर घसरायला लागले, तेल काळं पडलं, जळका वास आला की माणूस घाईने तेल बदलतो. गिअरबॉक्सच्या आतल्या, गिअर धरून ठेवणाऱ्या क्लचच्या चकत्या तोवर झिजून गेलेल्या असतात. महिन्याने गिअरबॉक्स बसतो आणि आरोप नव्या तेलावर येतो. चकत्याच संपल्या असतील तर कोणतंही तेल त्यांना परत आणणार नाही, हे मान्य. पण ज्याचे गिअर नीट पडतात त्याने तेल बदलायचं नाही, हे त्यातून निघत नाही.

आणि याच्या नेमकं उलट उदाहरण जनरल मोटर्सनेच दिलंय. २०१५ च्या सुमारास आलेल्या त्यांच्या आठ गिअरच्या गिअरबॉक्सना ताशी २५ ते ८० मैलांच्या दरम्यान, हलका अ‍ॅक्सिलरेटर असताना, अशी थरथर यायची की रस्त्याकडेच्या खडबडीत पट्ट्यांवरून गाडी चाललीय असं वाटावं. कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच, म्हणजे कवच आणि टर्बाइन एकत्र जखडणारा क्लच, धरताना अडखळत होता, आणि तेल ओलावा शोषत होतं. २०१९ मध्ये कंपनीने दुकानांना कळवलं की जुनं तेल पूर्ण काढून मोबिल १ चं नवं सिंथेटिक तेल भरा. थरथरीचा हा उपाय कारखान्याकडूनच आला. प्रकरण कोर्टातही गेलं, ती कथा वेगळी. फक्त पॅन, म्हणजे गिअरबॉक्सखालचं तेलाचं तबक, उतरवून तेल बदलताना एक ध्यानात असू द्या: कन्व्हर्टर भरलेलाच राहतो, म्हणून एका वेळी निम्म्याहून कमी तेल निघतं.

‘पॅनमध्ये लोखंड दिसलं की रिबिल्ड.’

पॅनमधल्या चुंबकावर काजळासारखी मऊ करडी पेस्ट जमते, ती नेहमीची झीज. बोटांना टोचणारे तुकडे, बुशचा पितळी किस, अ‍ॅल्युमिनियमची चकाकी दिसली तर मात्र काळजी करा. जुन्या फोर्डच्या पॅनमध्ये पिवळं प्लास्टिकचं बूच पडलेलं पाहून लोक घाबरतात. ते कारखान्यात डिपस्टिकच्या नळीच्या भोकात बसवलेलं झाकण असतं, जुळणीच्या वेळी आत ढकललेलं. फेकून द्या.

‘रस्त्यात आवाज आला तर न्यूट्रलला टाका आणि मित्राच्या गाडीने ओढून न्या.’

हा सल्ला कुणी पाळला तर बरा असलेला गिअरबॉक्सही जाईल. पंप इंजिनवर चालतो हे वर आलंच. इंजिन बंद, मागची चाकं रस्त्यावर फिरतायत, म्हणजे गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट फिरतोय आणि त्याला तेल देणारं कुणी नाही. सपाट ट्रेलर बोलवा. तो मिळत नसेल तर प्रॉपेलर शाफ्ट सोडा, मगच ओढा, आणि शाफ्ट काढताना चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडाचे ठोकळे लावा. शाफ्ट सुटला की पार्कमधली गाडीही उतारावर चालू लागते.