पेरूवरचा पतंग मटर्नाच, आणि भोकंही त्याचीच

काका, नमस्कार. तुमचं म्हणणं असं, की वेंगुर्ल्याच्या परसातल्या पेरूला पडलेली भोकं फळमाशीची आहेत, पतंग मध पिणारा, त्याच्यावर उगाच आळ. आणि पतंगच म्हणायचा तर तो ‘ओथ्रेइस फुलोनिया’, मी माझ्या फोटोंसोबत लिहिला तो ‘युडोसिमा मटर्ना’ नव्हे.

ओथ्रेइस फुलोनिया हे जुनं नाव. त्याच जातीला आता युडोसिमा फॅलोनिया म्हणतात. शेतीच्या पुस्तकांत अजून जुनंच सापडतं. पण फोटोतला पतंग तो नाहीच. पंख मिटून बसले की हे दोघेही वाळक्या पानासारखे दिसतात, शिवाय नर-मादीत फरक असतो, म्हणून वरच्या पंखावरून मी नाव सांगतच नाही. खालचा नारिंगी पंख बघायचा. फॅलोनियाच्या त्या पंखावर मधोमध बाकदार काळा डाग असतो, मटर्नाच्या पंखावर चक्क गोल. माझा दुसरा फोटो मोठा करून बघा, बॅटरीच्या उजेडाने बिचकून त्याने पंख फाकवलेत.

आता फळमाशी. ती सालीखाली अंडी घालते, म्हणजे फळ कापलं की आत अळ्या हव्यात. ताजं भोक पडलेला पेरू कापून बघा (सडका नको, त्यात चिलटांच्याही अळ्या निघतात). आत गर मऊ, तपकिरी, अळी एकही नाही. या पतंगाची अळी फळ खातच नाही. ती गुळवेल, वासनवेल असल्या वेलींच्या पानांवर वाढते. फळाकडे येतो तो मोठा पतंग, रात्री, रसासाठी. त्याची सोंड कडक, टोकाला काटे असलेली, साल भोसकणारी. पुढे त्याच भोकातून बुरशी शिरते आणि फळ गळतं.

‘फळावर बसला म्हणून भोक त्यानेच पाडलं कशावरून?’ हा तुमचा प्रश्न मात्र अगदी रास्त. कितीतरी पतंग दुसऱ्याने पाडलेल्या भोकातून फुकटचा रस पितात. म्हणूनच जात ओळखण्याचा एवढा खटाटोप: मटर्ना स्वतः भोसकणाऱ्यांपैकी आहे.

आणि हो, गुळवेल तोडा असं मी कुठेच लिहिलेलं नाही. आपल्याकडे ती प्रत्येक कुंपणावर, काजूवर चढलेली. एका परसातली तोडून लांबून उडत येणारा पतंग थांबत नाही. फळं पिकायच्या आधी कागदी पिशव्या बांधा आणि खाली पडलेली उचलत जा.

अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन तुमच्या पेरूखाली एक फेरी मारा. सापडला, तर खालचा पंख दिसेल असा फोटो पाठवा.