तोळामासा

"काय करतोयस रे?" आईनं व्हिडिओ कॉलवर विचारलं.

"दारू मोजतोय."

पलीकडे कोल्हापुरात क्षणभर सगळं थांबलं. मग आई म्हणाली, "मोजून घेतोस, एवढं तरी बरं."

रात्रीचे अकरा, बॉइसीतलं आमचं गराज, कपाळावर बॅटरी, हातात चिमटा. बंदुकीतल्या भुकटीला मराठीत दारूच म्हणतात, त्याला माझा इलाज नाही. अमेरिकेतल्या आयडाहोत येऊन आम्हाला बारा वर्षं झाली. इथं बटाटे पिकतात आणि ऑक्टोबरात ऑफिस ओस पडतं, कारण निम्मी माणसं हरणामागं डोंगरात. मीही रीतसर कोर्स केला, परवाना काढला, थर्टी-ऑट-सिक्स रायफल घेतली. हे काडतूस 1906 सालचं, म्हणजे वयानं माझ्या पणजोबांच्या बरोबरीचं. दुकानातली काडतुसं शंभर यार्डांवर दीड इंचाच्या घेरात बसत होती. हरणाचं काळीज आणि फुफ्फुसं मिळून साधारण भाकरीएवढा ऐवज. त्या हिशेबानं दीड इंच म्हणजे चैन. इथंच थांबायला हवं होतं.

पण शेजारचे आजोबा म्हणाले, काडतुसं घरी भर. स्वस्त पडतात आणि नेम अर्ध्या इंचात येतो. 'स्वस्त' म्हटल्यावर मी एक्सेल उघडली. दुकानात वीस काडतुसांची डबी 45 डॉलरला. घरी भरलं की नगामागं एक डॉलर वाचणार. प्रेस, डाय म्हणजे साचा, काटा, कॅलिपर, काडतुसाच्या पितळी पुंगळ्या कातरायचं यंत्र असं सगळं मिळून 700 डॉलर. म्हणजे 700 बारांत वसूल. हरणाला एक बार पुरतो आणि माझ्या परवान्यावर हरीण वर्षाला एक. थोडक्यात, पैसे 700 वर्षांत फिटतात. ही शीट मी बायकोला दाखवलेली नाही.

मला खरी भुरळ घातली ती वजनांनी. गोळी काय, दारू काय, सगळं ग्रेनमध्ये मोजतात. पौंडाचे ग्रेन 7000. माझ्या गोळ्यांच्या खोक्यावर 180 लिहिलं होतं. आकडा कुठंतरी भेटल्यासारखा वाटत होता. दोन दिवसांनी दात घासताना ट्यूब पेटली: इंग्रजांनी 1833 साली तोळा पक्का केला तो 180 ग्रेनांचा! म्हणजे माझी गोळी बरोब्बर तोळ्याची. माझे आजोबा, आईचे वडील, कोल्हापूरच्या गुजरीत सोनार होते. जन्मभर ज्या वजनाचं सोनं त्यांनी लोकांच्या गळ्यात घातलं, त्याच वजनाचं तांब्यात मढवलेलं शिसं नातू हरणाच्या बरगडीत घालणार. धंदा खानदानी, फक्त गिऱ्हाईक बदललं.

पहिलं काम पितळेचं. झाडलेल्या पुंगळ्या गोळा करून आणायच्या आणि लख्ख करायच्या. आईनं त्या फोनवर पाहिल्या. "काळ्याठिक्कर पडल्यात की! चिंच लाव." मी हसलो. मग वाचलं, तर इथली मंडळी सायट्रिक आम्ल आणि भांड्यांचा साबण घालून पुंगळ्या छोट्या पिंपात तासन्‌तास फिरवतात. आई दोन मिनिटांत सांगून मोकळी झाली होती.

मग घात झाला. बार उडाला की पुंगळी फुगते. तिला डायमध्ये दाबून पुन्हा मापात आणायचं असतं, आणि त्याआधी तिच्या अंगाला खास वंगण चोळायचं असतं. वंगण संपलेलं. रात्रीचे साडेदहा. बाथरूममध्ये खोबरेलाची निळी बाटली. आपल्याकडं कुरकुरणाऱ्या दारापासून कोंड्यापर्यंत सगळ्याला जे चालतं ते पितळेला का चालू नये? जानेवारीतल्या गराजमध्ये खोबरेलाचा खडू झाला होता. तळहातावर चोळून पातळ केलं, पुंगळीला लावलं, दांडा ओढला. पुंगळी आत गेली. वासही छान सुटला, न्हाऊन आलेल्या मावशीसारखा. पण ती बाहेर येईना. मी भिंतीला पाय लावून जोर केला, तेव्हा बुडाची कड सोलून निघाली आणि पुंगळी डायमध्येच राहिली, कायमची सासरी गेल्यासारखी.

सकाळी शेजारचे आजोबा आले. एक शब्द न बोलता त्यांनी पुंगळीच्या बुडात ड्रिलनं भोक पाडलं, आटे पाडले, बोल्ट पिळला आणि पान्यानं हळूहळू तिला ओढून काढली. मग ती नाकाजवळ नेली.

"काय लावलं होतंस?"

"केसांचं तेल."

"आमच्याकडं हे केकमध्ये घालतात," असं म्हणून ते माझ्या केसांकडं बराच वेळ बघत राहिले.

वंगण आणलं. पुंगळ्या मापात आल्या. बुडात टिकली बसली. दिवाळीच्या पिस्तुलातल्या टिकलीची ही थोरली बहीण, आणि स्वभावानं तापट, म्हणून गॉगल लावायचा. आता दारू. ह्यात मात्र विनोद नाही: मॅन्युअलमधल्या खालच्या आकड्यापासून सुरुवात, वरचा आकडा ओलांडायचा नाही आणि टेबलावर एका वेळी एकच बरणी. माझा काटा ग्रेनचा दहावा भाग दाखवतो, म्हणजे गुंजेचा जवळजवळ विसावा. हीटर सुरू झाला की त्या झुळकीनंही आकडा हलतो. माझ्या सोनार आजोबांच्या दुकानात काटा काचेच्या पेटीत असे, आणि वजन करताना पंखा बंद. मे महिन्यात गिऱ्हाईक घाम पुसत बसे. इथं उलट.

"अहो, हीटर बंद केलात का?"

"पाच मिनिटं. सात काडतुसं राहिलीत."

"नवरा पिणारा असता तर निदान घरात ऊब असती," बायको ब्लँकेट गुंडाळत म्हणाली.

मी एका चिपच्या कारखान्यात क्वालिटी बघतो. तीन नमुन्यांवरून निष्कर्ष काढून कोणी रिपोर्ट आणला तर तो परत पाठवतो, वर चार शब्दही ऐकवतो. पण त्या शनिवारी रेंजवर माझ्या तीन गोळ्यांची तीन भोकं एकमेकांत मिसळून कागदावर बेलाचं पान उमटलं. चार दशांश इंच! कागद फ्रिजवर, लेकीच्या चित्राशेजारी. शेजारच्या आजोबांना फोटो, कोल्हापूरला फोटो. पुढच्या शनिवारी तीच दारू, तीच गोळी, तोच मी: पावणेदोन इंच. रायफलीची प्रकृती तोळामासा असते, असं मी स्वतःला समजावलं. वारा होता. नळी तापली होती. चहा जास्त झाला होता. शिवाय एक गोळी लांब गेली की ती मोजायचीच नाही, अशी इथं सोय आहे. तिला 'फ्लायर' म्हणतात. मी फ्लायर वगळले, गोळी इंचाच्या पाच सहस्रांशानं आत बसवली, मग बाहेर काढली. दर आठवड्याला नवीन बेलपान उगवायचं आणि पुढच्या आठवड्यात गळायचं.

शेवटी नोकरीची लाज वाटून दारूच्या पाच वेगवेगळ्या मापांची प्रत्येकी दहा काडतुसं भरली. पन्नास बार. खांदा वांग्याच्या रंगाचा. पाचही मापं सव्वा इंचाच्या आसपास. एकमेकांत गुंजभर फरक नाही. सगळा हिवाळा मी एकाच इंचावर पाच नावं लिहीत होतो. दुकानातल्या काडतुसांचा तो दीड इंच मी तीनच गोळ्यांवर ठरवला होता, हेही तेव्हाच आठवलं, पण कोणाला सांगितलं नाही. पाचातलं सगळ्यात खालचं माप ठेवलं. दारू कमी लागते. एक्सेलमध्ये सात वर्षं वाचली.

ऑक्टोबरात, तिसऱ्या दिवशी, सेजच्या झुडपांतून एक म्यूल डिअर नर उठला तो साठ पावलांवर. एवढ्या जवळून खोबरेल लावलेलं काडतूससुद्धा चाललं असतं. एक बार, हरीण जागेवर. सोलताना गोळी पलीकडच्या कातड्याखाली सापडली, जास्वंदीसारखी फुललेली. घरी येऊन धुतली, हीटर बंद केला, काट्यावर ठेवली. 120 ग्रेन. आईला फोन लावला.

"बघ, गेली तेव्हा तोळ्याची होती. आता आठ मासे."

आईनं चष्मा लावला. सोनाराची मुलगी ती. फोन नाकाशी धरून तिनं गोळी नीट निरखली.

"तोळ्याला चार मासे घट?" ती म्हणाली. "अरे, सोनार बदल."