देवबागची अर्ध्या दिवसाची बोट सफर ही लूट नाही: त्या फॉरवर्डला मुद्द्यांनिशी उत्तर

दिवाळीच्या सुट्टीपासून एक मेसेज माझ्याकडे तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून आला. ‘मालवण-तारकर्लीला जाताय? बोटवाल्यांच्या लुटीपासून सावध!’ असा त्याचा मथळा. खाली सल्ले दिलेत: सफर दुपारी एकला आटपतात ती दुसरं गिऱ्हाईक घेण्यासाठी, म्हणून दुपारची बोट घ्या, निम्म्या पैशांत होते. पोहता येणाऱ्याने लाइफ जॅकेटला नाही म्हणा. उथळ पाण्यात उतरवून फसवतात, खोल समुद्रात उडी मारू द्या म्हणून अडून बसा. डॉल्फिन दिसले नाहीत तर पैसे देऊ नका. पाणी गढूळ असतं, स्नॉर्कलिंग हा बनाव आहे. उपाशी निघा म्हणजे उलटी होणार नाही, आणि जेवण त्यांच्याकडे घेऊ नका. वर, बोटीवर बिअर न्या, कोणी विचारत नाही.

माझं माहेर तारकर्लीला लागून असलेल्या देवबागचं. चुलतभाऊ होडी चालवतो, वहिनी पाहुण्यांना जेवू घालते. माझ्या माणसांचं पोट यावर आहे हे आधीच सांगितलेलं बरं. मेसेज नुसता पैशांबद्दल असता तर मी गप्प बसले असते. पण त्यातले निम्मे सल्ले जिवावर बेतणारे आहेत, आणि लोक ते खरंच पाळायला लागलेत. गेल्या महिन्यात एका कुटुंबाने तो मेसेज फोनवर उघडून भावासमोर धरला.

सफर असते कशी, तेही सांगते. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र, मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. सकाळी साडेसात-आठला नदीच्या बाजूने होडी सुटते. संगमावरून बाहेर समुद्रात, डॉल्फिन दिसतात त्या पट्ट्यात थोडं थांबायचं, निवतीचे खडक आणि किल्ला पाण्यातून बघायचे, भोगव्याच्या किनाऱ्यावर पाय मोकळे करायचे, मग परत खाडीत येऊन सुनामी आयलंड म्हणतात त्या वाळूच्या पुळणीवर तास-दीड तास डुंबायचं. एकच्या सुमाराला पानावर बसायचं.

आता ‘दुपारची बोट घ्या’ हा पहिला सल्ला. सगळ्यात जास्त यावरच लिहिणार आहे, कारण सगळ्यात घातक तोच आहे.

रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहतो. हा मतलई वारा. त्याने लाट उठत नाही. म्हणून थंडीच्या दिवसांत सकाळी आठला संगमावर पाणी तेल ओतल्यासारखं दिसतं. अकरा-बाराच्या पुढे जमीन तापते आणि वारा उलटतो, समुद्राकडून खारा वारा सुटतो. दोन-तीन वाजेपर्यंत त्याने बाहेर चांगली लाट धरलेली असते. ही रोजची गोष्ट आहे, वादळाची नाही.

त्यात संगमाच्या तोंडाशी वाळूचा उथळा आहे. ओहोटीला सगळ्या खाडीचं पाणी त्या तोंडातून बाहेर ओढलं जातं. समोरून खाऱ्या वाऱ्याच्या लाटा आत येत असतात. बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारी लाट समोरासमोर भिडली की लाट आखूड आणि उभी होते आणि उथळ्यावर फुटते. छोटी होडी तिथून परत आणायची म्हणजे मागून उठणारी लाट पाठीवर घेत यायचं. पट्टीचा तांडेलही, म्हणजे होडी हाकणाराही, ती वेळ टाळतो. भाऊ घड्याळ बघत नाही, गालाला वारा लागला की माझ्याकडे बघून म्हणतो, “बाये, चल आता, वारो सुटलो. मगे दर्या कोणाचा आयकणा नाय.” एकच्या आत परतण्याचं कारण एवढंच आहे. दुसरं गिऱ्हाईक असलंच तर त्याला तो खाडीत, आतल्या शांत पाण्यात फिरवतो. ती सफर छान आहे आणि स्वस्तही असते, पण समुद्राची सफर निम्म्या भावात म्हणून ती घेऊ नका, आणि दुपारी तीनला कोणी बाहेर न्यायला तयार झालाच तर त्याच्या होडीत मुलंबाळं बसवू नका.

भरतीचं गणित कोकणात पोराटोरांना येतं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, पूर्ण भरतीची वेळ मिळते. तृतीया असेल तर सव्वादोन, अष्टमीला सहा, पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा धरून सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघावी, पण बुकिंग करताना एवढं पुरतं. पौर्णिमेला आठला निघालात तर सगळी सकाळ पाणी चढतं असतं आणि अकराच्या सुमाराला थबकतं. मात्र पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, म्हणजे पाण्याची ये-जा सगळ्यात जोरात, सव्वाअकरानंतर रेंगाळायचं नाही. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी कमी चढतं आणि कमी ओढतं. लहान मुलं बरोबर असतील तर मी मेसेजमधल्या दरापेक्षा आधी तिथी बघेन.

याच मुद्द्यात मेसेज म्हणतो की मे संपता संपता जा, गर्दी नसते, भाव पडलेले असतात. २६ मे ते ३१ ऑगस्ट प्रवासी होड्या आणि जलक्रीडा बंद ठेवण्याचा नियम आहे. पाऊस आलेला नसला तरी लांबून मोठ्या लाटा यायला लागतात म्हणून तो आहे. २४ मे २०२२ ला, म्हणजे बंदीच्या दोनच दिवस आधी, तारकर्लीला स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचा जीव गेला. किनारा समोर दिसत होता.

‘पोहता येणाऱ्याला जॅकेट कशाला?’ १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची वेगवान बोट आदळली. १५ जण गेले. वाचलेल्यांपैकी अनेकांनी सांगितलं की धडक बसली तेव्हा अंगात जॅकेट नव्हतं. त्या दिवशी समुद्र खवळलेला नव्हता, पोहण्याची तयारी करायला कोणाला वेळही मिळाला नाही. जॅकेट त्या अचानक आलेल्या मिनिटासाठी असतं. डोक्याला मार बसलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तेच वर धरतं.

मात्र नुसतं जॅकेट अंगावर चढवलं की झालं, असंही नाही. माझा मुलगा सात वर्षांचा असताना कोकणातल्याच एका दुसऱ्या किनाऱ्यावर त्याला मोठ्यांचं जॅकेट दिलं गेलं. मीही बघितलं नाही. छातीचा एक बक्कल लावलेला, खालचा तुटलेला. छातीभर पाण्यात त्याने उडी मारली आणि जॅकेट वर सरकून त्याच्या कानांच्या वर गेलं. जॅकेट तरंगत होतं आणि तोंड पाण्याखाली होतं. शेजारच्या गृहस्थांनी काखेत हात घालून उचललं. किती सेकंद गेले असतील, पाच? मला अजून ते नारिंगी कापड दिसतं.

तेव्हापासून मी प्रत्येक मुलाचं जॅकेट खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढून बघते. हनुवटी-कानांपर्यंत आलं तर ते त्याच्या मापाचं नाही. पायांमधून जाणारा पट्टा असेल तर मुलांना तो लावायचाच. आतल्या शिक्क्यावर तरंगवण्याच्या ताकदीचा आकडा न्यूटनमध्ये असतो तोही वाचा. ५० न्यूटनचं जॅकेट हे पोहता येणाऱ्याला, मदत जवळ असताना आधार देणारं असतं. १०० किंवा १५० चं असेल तर ते भान हरपलेल्या माणसाला उताणं करून तोंड पाण्याबाहेर ठेवायच्या हिशेबाने बनवलेलं असतं. मेसेज लिहिणाऱ्याने ‘जॅकेट नको’ऐवजी ‘मापाचं जॅकेट मागा’ एवढं लिहिलं असतं तर मीच तो पुढे पाठवला असता.

‘उथळ पाण्यात उतरवून फसवतात’ या तक्रारीला उत्तर सोपं आहे. सुनामी आयलंडवर पाणी गुडघाभर ते कंबरभर असतं, म्हणूनच तिथे उतरवतात. शहरातून आलेल्या बहुतेकांचं पोहणं तरणतलावातलं असतं. तलावात पाणी जागेवर असतं, इथे ते चालत असतं. त्या पुळणीचीही एक कड आहे जिथे वाळू संपते आणि पाणी एकदम खोल होतं. होडीवाला हात करून “हयपर्यंत या, तिकडे नको” म्हणतो ती कड हीच. ओहोटीला तिथली ओढ संगमाकडे, म्हणजे समुद्राकडे नेते. ओढीत सापडलातच तर तिच्या उलट दिशेने झुंजू नका, दमाल. तरंगत राहा, हात वर करा, ओढीला आडवं कापत बाजूला या.

डॉल्फिनचं वाचून मला वाईट वाटलं. आमच्या किनाऱ्याला दिसतो तो पाठीवर कुबड असलेला डॉल्फिन, जुने मच्छीमार त्याला गादा म्हणतात. तो किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, नद्यांच्या तोंडाशी राहतो, म्हणजे नेमका जिथे माणसाच्या जाळ्यांचा आणि इंजिनांचा त्रास सगळ्यात जास्त तिथे. जगभरात त्याची गणना धोक्यात आलेल्या प्रजातींत होते आणि आपल्या वन्यजीव कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. त्याला श्वासासाठी वर यावंच लागतं. ‘दिसला नाही तर पैसे नाहीत’ म्हटलं की होडीवाला त्याचा पाठलाग करणार, चार होड्या मिळून घेरणार, पिल्लू आईपासून तुटणार. माझा भाऊ इंजिन बंद करून थांबतो. दहा मिनिटं काही होत नाही, लोक चुळबुळतात. मग डावीकडे ‘फुस्स’ असा आवाज येतो, करडी पाठ सावकाश वर येते, कुबडावरचा छोटा पर दिसतो आणि पाणी मिटतं. टीव्हीवरच्यासारख्या उड्या तो क्वचितच मारतो. एखाद्या सकाळी तो येतच नाही. तुम्ही पैसे होडीचे, इंधनाचे आणि तांडेलाच्या सकाळचे देता. गादा कोणी बांधून ठेवलेला नाही.

स्नॉर्कलिंगबद्दल मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, ते मान्य करते. फोटोतल्यासारखं निळंशार पाणी इथे रोज मिळत नाही. ओहोटीला नदीचा गाळ बाहेर येतो, उधाणाला तळ ढवळतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, चढत्या पाण्याला, वारा सुटायच्या आत गेलात तर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर जिवंत प्रवाळ दिसतात, त्यांच्यातून फिरणारे पट्ट्यापट्ट्यांचे मासे दिसतात. तो बनाव असता तर १९८७ साली इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं नसतं. प्रवाळावर उभं राहू नका, आणि तुकडा आठवण म्हणून आणू नका. मेलेला दिसला तरी नाही. त्यालाही कायद्याचं संरक्षण आहे.

‘उपाशी निघा’ हा सल्ला उलटा आहे. रिकाम्या पोटी, डिझेलच्या वासात मळमळ वाढते. तेलकट खाऊ नका इतकंच. आमच्या घरी होडीत बसणाऱ्याला आधी वाटीभर उकड्या तांदळाची पेज देतात, मीठ आणि लोणच्याची फोड घालून. होडीत मधोमध किंवा मागे बसा, नजर मोबाइलवर नाही तर लांब क्षितिजावर ठेवा. ज्यांना होडी हमखास लागते त्यांनी गोळी डॉक्टरांना विचारून निघायच्या आधीच घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही.

बिअरबद्दल दोनच वाक्यं. दारूने तोल, अंदाज आणि थंडीची जाणीव तिन्ही जातात, आणि तिन्ही पाण्यात लागतात. पिऊन आलेल्याला भाऊ होडीत घेत नाही, पैसे परत देतो.

राहिलं जेवण. ‘बांगडा वाढून सुरमईचे पैसे घेतात’ असं कुठे घडत असेल तर ते चूकच. पण सुरमई रोज जाळ्यात येत नाही. वहिनी आदल्या रात्री पाहुण्यांना काय हवं ते विचारते, सकाळी मासळी बघून फोन करते की आज सुरमई नाही, बांगडा आहे, ताट इतक्याला पडेल, चालेल का. तुम्हीही हे आधीच ठरवून घ्या. रापणीतून, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यातून, सकाळी आलेल्या बांगड्याचं तिखलं, त्यात ठेचून घातलेली तिरफळं, भात आणि वाटीत सोलकढी, हे जेवण सुरमईपेक्षा कमी प्रतीचं आहे असं मला तरी कधी वाटलं नाही. तास-दीड तास पाण्यात डुंबून, केसांत वाळू घेऊन पडवीत बसल्यावर तर नाहीच.

मेसेजमधला एकच सल्ला मी जसाच्या तसा उचलते: पावती मागा. त्याच्या जोडीला होडीवर रंगवलेला नोंदणी क्रमांक बघा, किती माणसांची परवानगी आहे ते विचारा आणि बसलेली डोकी मोजा. एक जरी जास्त असेल तर उतरा. नियमाने चालणाऱ्या होडीवाल्याला या प्रश्नांचा राग येत नाही.

पुढच्या महिन्यात शेजारच्या दोन कुटुंबांना घेऊन मी जाते आहे. चार मुलं आहेत. भावाला तृतीयेची सकाळ सांगितली आहे, भरती सव्वादोनला म्हणजे परतेपर्यंत पाणी चढतंच असेल, आठची होडी, आणि मुलांच्या मापाची चार जॅकेटं आधी काढून ठेवायला.