‘पोरांनाच बरं व्हायचं नसतं’ म्हणणाऱ्यांना

गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, तरी डोकं फिरलेली पोरं उपचार अर्ध्यावर टाकतात. त्यांना बरं व्हायचंच नसतं, घरचे देवस्कीच्या नादी लागतात, आणि तशाही त्या झोपेच्याच गोळ्या, सवय लागण्याआधी सुटल्या तर बरंच. रत्नागिरी-सिंधुदुर्गात यावर माना डोलावणारे पुष्कळ दिसले, म्हणून लिहिते आहे.

लोक ज्याला ‘डोकं फिरणं’ म्हणतात, त्या सायकोसिस या मानसिक आजारात कानात आवाज येतात, शेजारी पाळत ठेवतात अशी खात्री पटते. ‘मला काही झालेलं नाही’ असं वाटणं हाही बऱ्याचदा आजाराचाच भाग असतो. आणि गोळ्यांनी आवाज थांबले, की ‘आता कशाला?’ ताप उतरल्यावर आपण तरी गोळ्यांचा कोर्स कुठे पुरा करतो? परदेशात खास तरुणांसाठी काढलेल्या केंद्रांतूनही दहातले सुमारे तीन जण मधेच गळतात. ते सगळे काय बेजबाबदार?

गोळ्यांचा त्रास तर त्या मजकुरात कुठेच नाही. ट्रॉलरवरच्या खलाशाचा विचार करा. पहाटे बोट सुटायच्या वेळी डोळे उघडत नाहीत, जाळं सांधताना बोटं थरथरतात, तांडेल सगळ्यांदेखत ओरडतो. असा किती दिवस कामावर टिकेल तो? काही गोळ्यांनी भूक एवढी वाढते की थोड्या महिन्यांत शर्टाची बटणं लागेनाशी होतात. काहींनी मुलींची पाळी थांबते, तीही घरात लग्नाची बोलणी चाललेली असताना. मुलांना शरीरसंबंधातल्या अडचणी येतात, पण पाठीशी आई उभी असताना डॉक्टरला ते सांगणार कसं? सांगितलं तर डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. पण ओपीडीत ‘झोप लागते? जेवतो?’ एवढं विचारून चिठ्ठी हातात पडते. मग पोरगा स्वतःच गोळी बंद करतो.

गोळ्या फुकट, पण एसटी फुकट नाही. देवगडच्या आतल्या वाडीतून रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात जायचं तर पोराचा आणि सोबतच्या माणसाचा, दोघांचाही रोज बुडतो. पोरगा कामाला मुंबईला गेला, की केसपेपर इथेच राहतो.

घरचे कौल लावतात, गाऱ्हाणं घालतात, हे खरं. पण घरची माणसं पाठीशी असली तर पोरं उपचारात जास्त टिकतात, असं अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलंय. त्यांना अडाणी म्हणून झिडकारलं तर दवाखान्याकडे पोराला आणणार कोण? कौल लावा, पण गोळी चुकवू नका, असं त्यांना समजावता येतं.

‘झोपेच्याच गोळ्या, सुटल्या तर बरंच’ हा त्या मजकुरातला शेवटचा दावा मात्र जिवावर बेतणारा आहे. झोपेच्या गोळ्यांची लागते तशी सवय या औषधांची लागत नाही. उलट ती बंद केल्यावर आजार उलटण्याचा धोका जवळजवळ पाचपट होतो, असं १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. गोळ्या सोसत नसतील तर डॉक्टरला तसं स्पष्ट सांगा आणि त्यांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करा. दवाखाना लांब असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर कधीही फोन करा, मराठीतही बोलता येतं.